बॅबिलॉन ५: मालिका बघून झाली, आता कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात आणि कोणत्या क्रमाने?

अवकाशवेडी

बॅबिलॉन ५ या अवकाशस्थानकावरच्या विज्ञानकथा-मालिकेचे पाचही सीझन, म्हणजे ११० भाग, आणि 'इन द बिगिनिंग' हा टीव्ही-चित्रपट बघून झाला आहे. 'क्रूसेड' ही पुढची मालिका आणि पुस्तकं यांना अजून हात लावलेला नाही. चार गोष्टी हव्या आहेत.

डेल प्रकाशनाच्या नऊ कादंबऱ्या आहेत, त्यातल्या किती वाचण्यासारख्या? नंतर आलेल्या तीन त्रयींपैकी आधी कोणती? क्रूसेड त्यांच्या आधी बघायची की नंतर? आणि पुस्तक व मालिका यांत विसंगती आली तर खरं काय धरायचं?

सगळ्यात जास्त ओढ लोंडोच्या, म्हणजे सेंटॉरी राजदूताच्या, गोष्टीची आहे. पाचव्या सीझनमध्ये तो शेरिडन-डिलेन या जोडप्याला त्यांच्या होणाऱ्या मुलासाठी एक कलश देतो, मुलगा सोळा वर्षांचा झाला की द्यायचा म्हणून. तो धागा पडद्यावर तसाच लटकत राहिला. पुस्तकांत तो पूर्ण होतो का, एवढं तरी नक्की सांगा. पाच सीझनपुरते स्पॉयलर चालतील, पुस्तकांचे शेवट मात्र सांगू नका.

जुनी_पानं

कलशाचं आधी सांगते: होय, पूर्ण होतो, आणि चांगला पूर्ण होतो. पीटर डेव्हिड यांच्या 'लीजन्स ऑफ फायर' त्रयीत. पण तिथे थेट उडी मारू नका.

डेलच्या नऊ कादंबऱ्या १९९५ ते १९९७ या काळात, मालिका चालू असतानाच आल्या. अडचणीचं मूळ तिथेच आहे. मालिकेचे कर्ते स्ट्राझिन्स्की यांच्या डोक्यात पाच वर्षांची गोष्ट ठरलेली होती, पण ती बाहेर फोडता येत नव्हती. कादंबरीकाराला पुढचं माहीत नाही आणि छापखान्याची मुदत मात्र गाठायची. म्हणून सुरुवातीच्या पुस्तकांत स्टेशनचा सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डी भलत्याच ढंगात बोलतो, आणि कुठल्याच पात्राला काही कायमचं होऊ शकत नाही, कारण पुढच्या आठवड्याच्या भागात ते पात्र धडधाकट दिसायला हवं. स्टेशनवर स्फोट, खून, तपास, आणि शेवटी सगळं जिथल्या तिथे. प्रवासात वाचायला ठीक आहेत, पण मुख्य गोष्ट त्यांनी तसूभरही पुढे सरकत नाही.

दोन अपवाद, आणि ते दोन्ही वाचाच.

सातवं पुस्तक 'द शॅडो विदिन', लेखिका जीन कॅव्हेलॉस. अ‍ॅना शेरिडन आणि इकॅरस मोहीम झाहादूम या शॅडोंच्या ग्रहावर कशी पोचते, मॉर्डेन हा माणूस त्या प्राचीन शत्रूंच्या हाती लागण्याआधी कसा होता, हे यात आहे. मालिकेत मॉर्डेन पहिल्यांदा येतो तोच गुळगुळीत हसत, "तुम्हाला काय हवंय?" विचारत. इथे त्याच्या जागी एक खचलेला संशोधक दिसतो. त्यानंतर मालिकेतलं ते हसू बघवत नाही. तिसऱ्या सीझनचा शेवट बघितल्याशिवाय हे वाचायचं नसतं, तो तुमचा झालाच आहे.

नववं पुस्तक 'टू ड्रीम इन द सिटी ऑफ सॉरोज', लेखिका कॅथरिन ड्रेनन. पहिल्या सीझननंतर स्टेशनचा पहिला कमांडर सिंक्लेअर मिनबार ग्रहावर गेला आणि थेट तिसऱ्या सीझनच्या 'वॉर विदाउट एंड'मध्ये परत आला. मधल्या काळात त्याने रेंजर कसे उभे केले, मार्कस तिथे कसा आला, कॅथरीन सकाईचं काय झालं, हे सगळं या एका पुस्तकात आहे. ड्रेनन यांनी पहिल्या सीझनचा गोदी कामगारांच्या संपाचा भाग लिहिला होता, त्यामुळे सिंक्लेअर कसा बोलतो, कुठे थांबतो हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. हे पुस्तक स्ट्राझिन्स्कींनी स्वतः अधिकृत कथेत धरलं आहे. सातव्याला तोच मान मिळतो, किरकोळ तपशील वगळून.

त्यानंतर डेल रे प्रकाशनाच्या तीन त्रयी आल्या, १९९८ ते २००१. इथे चित्र पालटतं. मालिका संपलेली, शेवट सगळ्यांना माहीत, आणि नऊच्या नऊ पुस्तकांचा कच्चा आराखडा स्ट्राझिन्स्कींनी दिलेला. त्यामुळे लेखकांना माणसं मारताही आली आणि मोडताही आली. प्रकाशनाचा क्रम असा: ग्रेगरी कीज यांची टेलिपाथांच्या संस्थेवरची साय कोअर त्रयी (१९९८-९९), पीटर डेव्हिड यांची सेंटॉरी त्रयी (१९९९-२०००), कॅव्हेलॉस यांची टेक्नोमेज त्रयी (२००१).

तुमच्यासाठी क्रम: सातवं, नववं, मग सेंटॉरी, मग साय कोअर, शेवटी टेक्नोमेज. सेंटॉरी लगेच घ्यायची, कारण ती 'द फॉल ऑफ सेंटॉरी प्राइम' या भागाला थेट जोडलेली आहे. लोंडो सिंहासनावर बसतो, खांद्यावर कीपर, म्हणजे ड्राख या शॅडोंच्या सेवकांनी ताबा ठेवायला बसवलेला जीव, आणि तिथून २२७८पर्यंतची वर्षं. 'वॉर विदाउट एंड'मधलं ते दृश्य आठवा: म्हातारा लोंडो प्याल्यावर प्याले रिचवतो, कारण दारूने खांद्यावरचा कीपर झोपतो आणि तेवढा वेळ त्याला मनातलं बोलता येतं. तेव्हा ती एक क्लृप्ती वाटते. या त्रयीत त्याच क्लृप्तीवर त्याला सोळा वर्षं काढावी लागतात. दरबारात कोणाशी काय बोलायचं, किती प्यायचं, कीपर जागा व्हायच्या आत कोणता निरोप कोणाकडे पोचवायचा, हा हिशोब पानोपानी आहे. आणि त्याचा मदतनीस व्हीर! पहिल्या सीझनमध्ये कोट सावरत धडपडणारा व्हीर 'स्लीपिंग इन लाइट'मध्ये सम्राट म्हणून दिसतो. या दोन टोकांमधला रस्ता इथेच बांधलेला आहे.

या त्रयीचा दोषही सांगते. पीटर डेव्हिडना विनोद आवरत नाही. दुसऱ्या पुस्तकात काही गंभीर प्रसंगांत कोटी येते आणि ताण सैल होतो. तिथे थांबू नका, तिसरं पुस्तक सगळी भरपाई करतं.

गेलनचा_वर्तुळकार

जुनी_पानं, बाकी सगळं मान्य, पण टेक्नोमेज त्रयी शेवटी ढकलणं पटलं नाही. या नऊ पुस्तकांत लिखाण म्हणून सरस तीच आहे.

कारण सांगतो. मालिकेत टेक्नोमेज दिसले ते दुसऱ्या सीझनच्या 'द जिऑमेट्री ऑफ शॅडोज' भागात. एल्रिक येतो, चार गूढ वाक्यं बोलतो आणि सगळे निघून जातात. पडद्यावर ती जादू म्हणजे संगणकाने काढलेला उजेड. कॅव्हेलॉसनी त्या जादूला नियम लावले. शरीरात रोवलेलं तंत्रज्ञान, ते पाठीच्या कण्याशी जोडलेलं, आणि प्रत्येक जादूगाराची मंत्रभाषा त्याच्या मनाच्या घडणीप्रमाणे वेगळी. त्रयीचा नायक गेलन, त्याची भाषा समीकरणांची आहे. त्याच्या मनात समीकरण उभं राहतं, मग एकेक पद गळत जातं, आणि शेवटी एकाच पदाचं समीकरण उरतं तेव्हा हाती काय लागतं, यावर पहिल्या पुस्तकाचा कणा उभा आहे. लेखिकेने खगोलभौतिकीचं शिक्षण घेतलं आहे आणि नासाच्या जॉन्सन केंद्रात अंतराळवीर-प्रशिक्षण विभागात काम केलं आहे. ती शिस्त मंत्रांच्या मांडणीत दिसते.

शिवाय काळ बघा. ही त्रयी मालिकेच्या समांतर चालते: सुरुवात २२५८मध्ये, मधलं पुस्तक टेक्नोमेज बॅबिलॉन ५वरून जातात त्या प्रसंगातून, आणि तिसरं तिसऱ्या सीझनच्या शेवटाशी झाहादूमवर जाऊन भिडतं. म्हणजे 'द शॅडो विदिन' संपल्यावर लगेच हिचा नंबर लागायला हवा. लेखिका एकच, जागा एकच, मॉर्डेनही तोच. मध्ये सात पुस्तकं घातली तर ते धागे हातातून सुटतात.

क्रूसेडही हिच्या नंतर बघा. 'द वेल ऑफ फॉरएव्हर' या भागात गेलन इझाबेलसाठी केवढा आटापिटा करतो. ती कोण आणि काय घडलं होतं, हे भाग ओझरतं सांगतो. त्रयी वाचलेली असेल तर त्या भागातल्या त्याच्या गप्प बसण्यालाही अर्थ येतो.

जुनी_पानं

समांतर काळाचा मुद्दा बरोबर. पण अवकाशवेडींना लोंडोची ओढ आहे, म्हणून सेंटॉरी आधी सांगितली. आणि एक धोका: टेक्नोमेजांच्या सामर्थ्याचा उगम कोणाकडून आहे, हे क्रूसेडने पुढे उघड करायचं राखून ठेवलं होतं. त्रयीत ते मध्यवर्ती आहे. ज्यांना क्रूसेड कोऱ्या मनाने बघायची आहे त्यांनी उलटा क्रम ठेवावा.

गेलनचा_वर्तुळकार

क्रूसेडने ते कधी उघडच केलं नाही, १३ भागांत मालिका संपली. न उघडलेल्या रहस्यासाठी तीन चांगली पुस्तकं अडवून ठेवायची का?

पाठभेद

चौथ्या प्रश्नाकडे कोणीच वळलं नाही, 'खरं काय धरायचं'.

स्टार ट्रेकचा नियम सरळ आहे: पडद्यावर दिसलं तेच प्रमाण, कादंबऱ्या बाजूला. वीसेक वर्षं लेखकांनी त्या कादंबऱ्यांचं एक सलग जग विणलं. २०२०मध्ये 'पिकार्ड' मालिकेने त्याच पात्रांचं वेगळंच भविष्य मांडलं, आणि २०२१मध्ये 'कोडा' नावाच्या तीन पुस्तकांत ते विणलेलं जग रीतसर आवरून घ्यावं लागलं. स्टार वॉर्समध्ये २५ एप्रिल २०१४ रोजी मालकांनी जाहीर केलं की आजवरच्या कादंबऱ्या आता 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. दोन्ही ठिकाणी निर्णय मालकाचा, आणि एका रेषेने सगळं इकडे किंवा तिकडे.

बॅबिलॉन ५मध्ये अशी एकच रेष आखता येत नाही, कारण गोष्टीचा कर्ता एक माणूस आहे. ११०पैकी ९२ भाग त्याच्या हातचे, तिसरा आणि चौथा सीझन तर संपूर्ण. म्हणून इथे प्रत्येक पुस्तकाला विचारायचा प्रश्न वेगळा: आराखडा कोणाचा, आणि तो कधीचा?

आपल्याकडे या कामाची रीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. शेकडो हस्तलिखितं ताडून संहिता ठरवली, पण जे संहितेत बसलं नाही ते फेकलं नाही. तळटीपांत ठेवलं, मोठे उतारे परिशिष्टात दिले. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा आपल्या घराघरात आहे, ती त्या आवृत्तीत आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. क्षेपक ठरली, तरी वाचता येते, आणि कुठून आली हेही कळतं.

डेलच्या पुस्तकांना हीच वागणूक द्यावी. संहिता म्हणजे ११० भाग, सुरुवातीचा 'द गॅदरिंग' आणि टीव्ही-चित्रपट. तिच्या लगोलग नववं पुस्तक, तिन्ही त्रयी, आणि अमेझिंग स्टोरीज मासिकात आलेल्या स्ट्राझिन्स्कींच्या स्वतःच्या कथा. सातवं पुस्तक संहितेच्या आत, दोन-तीन पाठभेदांच्या खुणा करून. उरलेली सात परिशिष्टात.

विसंगती आली की बघायचं की ती तारखेची आहे की स्वभावाची. इकॅरस अमुक महिन्यात निघालं की तमुक, ही तारखेची. ती मालिकेप्रमाणे दुरुस्त करून पुढे जा, गोष्टीला धक्का लागत नाही. पण पुस्तकातला नार्न राजदूत जी'कार चौथ्या सीझनमधल्या कैदेनंतरही पहिल्या सीझनसारखा सूडाने पेटलेला दिसला, तर ती स्वभावाची विसंगती. तिथे पुस्तक बाजूला ठेवायचं, मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो.

अवकाशवेडी

पाठभेद, फार उपयोगी. 'तारखेची की स्वभावाची' हे वहीत टिपून ठेवलं. साय कोअर त्रयीबद्दल कोणी विस्ताराने सांगाल? साय कोअरचा बेस्टर आवडतो, पण टेलिपाथ लायटा आणि टेलिपाथ युद्धाचं काय झालं हे जास्त हवंय.

जुनी_पानं

मग आधीच सावध करते. टेलिपाथ युद्ध त्या त्रयीत नाही.

पहिलं पुस्तक २११५पासून सुरू होतं: टेलिपथी असते हे विज्ञान मान्य करतं, दंगली पेटतात, सरकार नोंदणी सुरू करतं, आणि नोंदणीच्या कचेरीतून एक संस्था जन्मते. कोणी एक खलनायक ती उभी करत नाही, एकेक भित्रा, सोयीस्कर निर्णय तिला मोठं करतो. तिन्हींत हेच सर्वांत भक्कम पुस्तक आहे आणि नेमकं यातच बेस्टर जवळजवळ नाही, म्हणून अनेकजण कंटाळून सोडतात. दुसरं बेस्टरच्या लहानपणापासून मालिकेच्या काळापर्यंत. कोअर म्हणजेच आईबाप, हे ज्याला शब्दशः शिकवलं गेलं अशा मुलाचं ते पुस्तक आहे. तिसरं एकदम २२७१मध्ये उघडतं. युद्ध होऊन गेलेलं, बेस्टर फरार, पॅरिसमधल्या एका छोट्या हॉटेलात नाव बदलून राहतो, आणि गॅरिबाल्डी मागावर.

दुसरं संपून तिसरं सुरू होतं त्या फटीत आख्खं युद्ध गडप झालं आहे. उल्लेख येतात, वर्णन येत नाही. ते युद्ध स्वतंत्रपणे सांगण्यासाठी बाजूला ठेवलं होतं आणि ते काम कधी झालंच नाही. लायटासाठी वाचायला घेतलीत तर हिरमोड होईल. बेस्टरसाठी घेतलीत तर तिसऱ्या पुस्तकात बेस्टर साकारणाऱ्या वॉल्टर कोनिगचा आवाज कानात ऐकू येतो.

गेलनचा_वर्तुळकार

हो, आणि ती फट ही या सगळ्या पसाऱ्यातली खरी उणीव आहे. पाचव्या सीझनचा अर्धा भार टेलिपाथांवर टाकला आणि फळ कुठेच दिलं नाही.

दुसरा_गणवेश

क्रूसेड बघताना एक गोष्ट माहीत नसली की मालिका उगाच वाईट वाटते, म्हणून लिहितो.

आधी 'अ कॉल टू आर्म्स' हा चित्रपट (जानेवारी १९९९). ड्राख पृथ्वीवर साथ सोडतात, पाच वर्षांत उपाय सापडला नाही तर सगळे मरणार. हे न बघता क्रूसेड लावू नका. मग १३ भाग, जून ते सप्टेंबर १९९९. पहिला भाग प्रक्षेपित होण्याआधीच वाहिनीने मालिका बंद करायचं ठरवलं होतं.

चित्रीकरण दोन खेपांत झालं. सुरुवातीचे काही भाग झाल्यावर वाहिनीच्या सूचनांमुळे काम थांबलं, बदल झाले, आणि जो 'वॉर झोन' पहिला म्हणून दाखवला तो नंतर चित्रित झाला. दोन खेपांत गणवेश वेगळे. 'अपिअरन्सेस अँड अदर डिसीट्स' या भागात गणवेश का बदलतो ते कथेतच सांगितलं आहे. पण प्रक्षेपणाच्या क्रमाने बघितलं तर एका भागात एक गणवेश, पुढच्यात दुसरा, मग पुन्हा पहिला. माणसांची एकमेकांशी ओळखही तशीच मागेपुढे होते. काल ज्यांच्यात विश्वास बसला ते आज परके.

उपाय सोपा. 'वॉर झोन' पहिला ठेवा. मग त्याच्याच गणवेशाचे भाग सलग बघा, मग 'अपिअरन्सेस', मग दुसऱ्या गणवेशाचे. कुठला भाग कुठल्या ढिगात हे पहिल्या दोन मिनिटांत कर्णधार गिडियनच्या अंगावर बघून कळतं. याने सगळ्या गाठी सुटत नाहीत, पण निम्म्याहून अधिक खटकणं जातं.

चित्रित न झालेल्या तीन पटकथाही आहेत: 'टू द एंड्स ऑफ द अर्थ', 'व्हॅल्यू जजमेंट्स' आणि 'एंड ऑफ द लाइन'. शेवटची वाचल्यावर कळतं की गाडी साथीच्या उपायावरून वेगळ्याच, मोठ्या रस्त्याला लागणार होती. 'व्हॅल्यू जजमेंट्स'मध्ये बेस्टर आहे, त्यामुळे साय कोअरचं तिसरं पुस्तक वाचण्याआधी ती वाचा.

'लेजंड ऑफ द रेंजर्स' (२००२) हा चित्रपट घाईने बघण्यासारखा नाही. तोफा चालवणारी बाई पोकळीत हातपाय झाडून गोळे फेकते ते दृश्य चाहत्यांनी आजवर माफ केलेलं नाही, आणि शॅडोंपेक्षा जुना, शॅडोंपेक्षा मोठा शत्रू आणल्यामुळे आधीच्या युद्धाचं वजन कमी होतं. 'द लॉस्ट टेल्स' (२००७) मात्र बघा. खर्च अगदी कमी, दोनच छोट्या कथा, पण शेरिडन-गेलन यांची कथा सेंटॉरी राजपुत्राभोवती फिरते. सेंटॉरी त्रयी ताजी असताना ती जास्त लागते.

अवकाशवेडी

म्हणजे क्रम असा धरते: सातवं, टेक्नोमेज, नववं, सेंटॉरी, 'अ कॉल टू आर्म्स' आणि क्रूसेड, तीन पटकथा, साय कोअर, लॉस्ट टेल्स. आता पुस्तकं मिळवायची कशी?

जुनी_पानं

सेंटॉरी आणि लॉस्ट टेल्स यांत अंतर पडू देऊ नका, साय कोअर त्यांच्यानंतर गेली तरी बिघडत नाही. बाकी क्रम पक्का.

पुस्तकं जुनीच घ्यावी लागतात. विकत घेताना कण्याचा आणि प्रकाशनहक्काच्या पानाचा फोटो मागा. डेलच्या पुस्तकांवर क्रमांक असतो, ७ आणि ९ तेवढे बघा. हीच दोन पुढे डेल रेनेही पुन्हा छापली, त्यामुळे वेगळं मुखपृष्ठ दिसलं तर बनावट समजू नका. बॉक्सट्री ही ब्रिटिश आवृत्ती, तीही चालते. त्रयी सुटी घेऊ नका. दोन मिळाली आणि तिसरं वर्षभर सापडलं नाही असं सहज होतं, आणि सेंटॉरीचं तिसरं, 'आउट ऑफ द डार्कनेस', नसेल तर कलश तुमच्यासाठी पुन्हा बंदच. 'इन द बिगिनिंग', 'थर्डस्पेस', 'अ कॉल टू आर्म्स' या नावांची पुस्तकं म्हणजे चित्रपटांचीच कादंबरीरूपं, त्रयी समजून घेऊ नका.

मुंबईत फोर्टच्या पदपथावर आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला इंग्रजी पेपरबॅकच्या थप्प्या असतात. तिथे 'बॅबिलॉन' मागण्यापेक्षा लेखकाचं नाव सांगा, पीटर डेव्हिड आणि कीज यांची इतर पुस्तकंही असल्याने विक्रेत्याला ते लवकर सापडतं.

पाठभेद

हाती आल्यावर एक काळजी. हे स्वस्त पेपरबॅक आहेत, पानं नुसती डिंकाने चिकटवलेली, आणि पंचवीस वर्षांत तो डिंक कडक होतो. पुस्तक सपाट उघडलं की कणा मधोमध तडकतो आणि पानांचा गठ्ठा हातात येतो. आधी मलपृष्ठ आणि मुखपृष्ठ, मग दोन्ही बाजूंनी दहा-दहा पानं आळीपाळीने हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या, आणि वाचताना काटकोनापलीकडे उघडू नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत दमट हवा कोंडली की पानांवर तपकिरी ठिपके येतात. कपाटात उभी ठेवा, मागे बोटभर जागा सोडून.

अवकाशवेडी

सेंटॉरीची तिन्ही एकत्र एका विक्रेत्याकडे दिसताहेत, पण फोटोत तिसऱ्याचा कणा मध्ये पांढरा पडलेला आहे. घ्यावं का?

पाठभेद

पांढरी रेघ म्हणजे कागदाची घडी, ती चालते. तिथून पानं सुटी झालीत का तेवढं विचारा, पुस्तक त्याच जागी उघडून फोटो पाठवायला सांगा. पानांच्या मुळाशी डिंकाची सलग पट्टी दिसली तर घेऊन टाका.